बावीस मिनिटांचा लॅपटॉप

लॅपटॉप बरोबर बावीस मिनिटं चालला आणि पट्कन बंद पडला. ना आवाज, ना सूचना. पडद्यावर माझा अर्धा काढलेला दरवाजा होता, तो नाहीसा झाला आणि काळ्या काचेत माझंच तोंड दिसायला लागलं. तेही वाकडं झालेलं.

"गेला वाटतं," आमचे हे म्हणाले. अशा वेळी ह्यांना नेमकं तेवढंच सुचतं.

मी लॅपटॉपच्या पोटाखाली हात घातला आणि झटकन मागे घेतला. इस्त्री परवडली, इतका तापला होता.

तो रविवार होता आणि शुक्रवारी सकाळी अकरा वाजता माझी परीक्षा होती. परीक्षा म्हणजे नोकरीचीच. एका आर्किटेक्टच्या ऑफिसला घरांचे नकाशे काढणारी बाई हवी होती. ऑफिस दूर, दुसऱ्या शहरात, त्यामुळे आपल्या घरात बसून, व्हिडिओ कॉलवर, त्यांच्या डोळ्यांसमोर दोन तासांत एक नकाशा काढून दाखवायचा. सॉफ्टवेअर कुठलंही चालेल, पण कॉल मध्येच तुटला तर परीक्षा तिथेच संपली, असं पत्रात ठळक अक्षरांत लिहिलं होतं. म्हणजे मला हवे होते दोन तास आणि हातात होती बावीस मिनिटं.

"माझा घे ना ऑफिसचा," हे म्हणाले.

"तुमच्या लॅपटॉपवर तुमचं ऑफिस गाणंसुद्धा घालू देत नाही, माझं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर कसं घालू देईल?"

शिवाय ते सॉफ्टवेअर माझ्या या म्हाताऱ्यावरच होतं. त्याची सीडी हरवलेली, ते विकणारी कंपनी बुडालेली. आणि माझी बोटं फक्त तेवढंच जाणत होती. अकरा वर्षांपूर्वी मी हेच काम करायचे आणि झकास करायचे, उगाच विनय कशाला दाखवू? हा लॅपटॉप मी माझ्या कमाईतून घेतला आणि वर्षभरातच सासूबाईंना पक्षाघात झाला. मी नोकरी सोडली. कुणी सोड म्हणालं नाही आणि कुणी नको सोडू असंही म्हणालं नाही. सासूबाई नऊ वर्षं होत्या. त्या गेल्या त्यालाही आता दोन वर्षं झाली. या सगळ्या काळात लॅपटॉप कपाटात, जुन्या चादरींखाली झोपून होता.

सोमवारी मी त्याला दुरुस्तीच्या दुकानात नेलं. दुरुस्तीवाल्याने तो उघडलासुद्धा नाही. नुसता उचलला, वजन पाहिलं आणि खाली ठेवला.

"ताई, याचं आता वय झालं."

"माझंही झालंय," मी म्हणाले, "म्हणून मला काय कोपऱ्यात ठेवणार?"

तो बिचारा गोरामोरा झाला. दहा दिवस लागतील म्हणाला, तरी खात्री नाही म्हणाला. मी लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि तणतणत घरी आले. दारातच सासरे उभे होते. त्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात. सेहेचाळीस वर्षं त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. चार वर्षांपूर्वी त्यांनी ते बंद केलं आणि तेव्हापासून ते खिडकीपाशी बसून रस्त्यावरच्या लोकांच्या चाली बघत. कोण पुढे पळतंय, कोण मागे पडतंय, हे घड्याळाच्या भाषेत सांगायचे. वय अठ्ठ्याहत्तर, पण हात असे स्थिर की पूर्ण भरलेला कप एक थेंब न सांडता आणतील.

"काय म्हणाला?" त्यांनी विचारलं.

"टाकून द्या म्हणाला."

"उघडून बघितला?"

"नाही."

अण्णांच्या भुवया वर गेल्या. सेहेचाळीस वर्षांत त्यांनी एकही घड्याळ न उघडता परत दिलं नव्हतं. "आण इकडे," ते म्हणाले.

नाही म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांचा चेहरा पाहून गप्प बसले. चार वर्षांत तो चेहरा मी पाहिला नव्हता.

मंगळवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर पांढरं फडकं पसरलं गेलं. कपाटातून चिमटे, बारीक पेचकस आणि हवा फुंकायचा रबरी फुगा बाहेर आला. डोळ्याला भिंग लावून अण्णा बसले आणि एका क्षणात त्यांचं घर सुटलं, ते दुकानात पोचले. वायर काढली, बॅटरी काढली. मग त्यांनी एका पुठ्ठ्यावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र जसंच्या तसं काढलं आणि प्रत्येक स्क्रू निघाला की पुठ्ठ्यावर त्याच जागी टोचून ठेवला. सतरा स्क्रू, चार वेगवेगळ्या लांबीचे.

"लांबडा स्क्रू आखूड भोकात पिळला की तो खालच्या हिरव्या पाटीत घुसणार," ते म्हणाले. "सगळं नीट चालू असताना माणूस बिघाड करतो तो असा. बंद करताना."

"तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"घड्याळात काय वेगळं असतं?"

कीबोर्डखालची कागदासारखी पातळ पट्टी त्यांनी श्वास रोखून सोडवली. मीही रोखला. झाकण निघालं आणि आतला पंखा दिसला, म्हणजे दिसायला हवा होता. त्याच्या तोंडाशी राखाडी धुळीचा एवढा जाड थर बसला होता की चिमट्याने उचलल्यावर तो अख्खा एका तुकड्यात निघाला.

"हा श्वास घेणार तरी कुठून?" अण्णा म्हणाले. "सूनबाई, यात काही आजार नाही. याचं नाक चोंदलंय."

मला इतकं हसू आलं की फडक्यावरचे दोन वॉशर उडाले आणि अण्णांनी मला टेबलापासून चार हात लांब बसवलं.

पण खरी गंमत पुढे होती. हिरव्या पाटीच्या कोपऱ्यात त्यांना बटणासारखा एक चपटा सेल दिसला. त्यांनी भिंग काढलं, डोळे चोळले, भिंग पुन्हा लावलं. "अगं, हा तर आपला! हा इथे काय करतोय?"

मी सांगितलं की लॅपटॉप बंद असताना तारीख-वेळ लक्षात राहावी म्हणून तो असतो. तो संपलाय, म्हणून वायर काढली की माझा लॅपटॉप दरवेळी कित्येक वर्षं मागे जातो आणि तारीख चुकीची असली की व्हिडिओ कॉलची साइट मला दारातच अडवते.

"म्हणजे याच्या आत घड्याळ आहे?"

"आहे ना."

अण्णा खुर्चीत मागे टेकून बसले. मग दोन्ही हात मांडीवर आपटून असे हसले की स्वयंपाकघरातून हे धावत आले. "अरे, हिच्या लॅपटॉपात घड्याळ आहे! आणि मी इतकी वर्षं याला परका समजत होतो!" तसा सेल त्यांच्या डब्यात होताच. तो बसवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे सुख होतं, ते मी त्यांच्या लेकीच्या मुलाच्या बारशालाही पाहिलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत सगळं बंद झालं. सतरा भोकं, सतरा स्क्रू. मी लॅपटॉप सुरू केला, अण्णांच्या मनगटावरचं घड्याळ बघून तारीख-वेळ लावली, पंखा छान गुणगुणायला लागला. ह्यांनी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. तिघं टेबलाभोवती उभे राहिलो.

चार मिनिटांत बंद.

पुन्हा लावला. साडेतीन मिनिटं.

मी बोलायला नको ते बोलले. "होता तो बरा होता! निदान बावीस मिनिटं तरी होती!" असं मोठ्याने, अण्णांच्या तोंडावर. त्यांनी चिमटे पुसून एकेक करून पेटीत ठेवले आणि खिडकीपाशी जाऊन बसले. माझा राग भसकन येतो आणि तसाच ओसरतो. पण ओसरल्यावर जी लाज वाटते ती मात्र मुक्कामाला राहते. त्या रात्री मी जेवले नाही.

बुधवारी सकाळी मी चहा घेऊन त्यांच्यापाशी गेले. "अण्णा, चुकलं माझं."

"तुझं काही चुकलं नाही. काहीतरी मी चुकलोय. पण काय, ते कळत नाही." त्यांनी कप हातात घेतला. मग म्हणाले, "तुझं काम आमच्यापायी बंद पडलं. हिचं सगळं तू केलंस, नऊ वर्षं. मी एकदाही बोललो नाही. मला बोलता येत नाही. वाटलं होतं, हे यंत्र तरी चालू करून देईन."

मी त्यांच्या हातातला कप घेतला, तो भरलेलाच होता, आणि म्हणाले, "मग उठा. काय चुकलं ते शोधू. कालचं सगळं मला पहिल्यापासून सांगा."

त्यांनी सांगितलं. स्क्रू, पट्टी, पंखा, सेल. "मग तो तांब्याचा पत्रा उचलला. त्याच्याखाली चौकोनी काळी चीप होती आणि दोन्हींच्या मध्ये कसलासा राखाडी राडा वाळला होता. तो खरवडला, स्पिरिटने पुसला. दोन्ही असे लख्ख केले की त्यात तोंड दिसेल. मग बसवलं."

मी दुरुस्तीच्या दुकानात फोन लावला. सोमवारचं माझं बोलणं तो विसरला नव्हता, आवाजात जरा ताठा होता. मी सगळं सांगितलं. पलीकडून खो-खो हसणं.

"ताई, तो राडा म्हणजे पेस्ट! चिपेची उष्णता तांब्यात जावी म्हणून लावलेली असते. तीच पुसली तर चीप जळेल नाहीतर काय? कोणी पुसली?"

"घड्याळजींनी."

"मग बरोबर आहे," तो म्हणाला. आता त्याच्या आवाजात ताठा नव्हता. "दुसरा कोणी असता तर त्याने इतकी स्वच्छ पुसलीच नसती. या, देतो पेस्ट. तांदळाच्या दाण्याएवढी लावायला सांगा."

अण्णांना सांगितलं, तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. घड्याळात दोन भागांमध्ये काहीही राहता कामा नये. घाण दिसली की काढायची, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. मधली घाणच कामाची असते, असं यंत्र त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

दुपारी पुन्हा फडकं, पुन्हा पुठ्ठा, पुन्हा सतरा स्क्रू. पेस्टची सिरिंज माझ्या हातात होती, पण त्यांनी ती काढून घेतली. घड्याळात तेल घालायच्या काडीने त्यांनी चिपेवर पेस्टचा एक ठिपका ठेवला. तो बघायला मला त्यांचं भिंग मागून घ्यावं लागलं.

"अण्णा, तांदळाचा दाणा म्हणाला तो."

"एवढी पुरते."

"दाणा!"

"घड्याळात याच्या चौथ्या हिश्शात वर्षं निघतात," ते पुटपुटले आणि झाकण लावलं.

एकेचाळीस मिनिटं. ह्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. मी नुसती अण्णांकडे बघत राहिले. शेवटी त्यांनीच मान खाली घातली.

गुरुवारी सकाळी त्यांनी डब्यातून खरोखरच तांदळाचा एक दाणा आणवला, फडक्यावर ठेवला आणि त्याच्याशी तुलना करत पेस्ट दाबली. हात स्थिर होता, चेहरा मात्र उधळपट्टी करणाऱ्या माणसाचा. "हे काय यंत्र आहे की जखम? मलम लावल्यासारखं लावायचं?" पण लावलं. हवा खेळावी म्हणून लॅपटॉपच्या मागच्या कडेखाली औषधाच्या बाटल्यांची चार बुचं ठेवली. मी सेटिंगमध्ये जाऊन नको ती सगळी सॉफ्टवेअर सुरुवातीलाच जागी होणार नाहीत असं केलं, आणि प्रोसेसरने ऐंशी टक्क्यांच्या वर पळू नये असा लगाम घातला.

दुपारी दोनला स्टॉपवॉच सुरू झालं. एक तास. दीड तास. अण्णा येरझाऱ्या घालत होते. पावणेदोन तासांनी ह्यांनी मोबाइल माझ्याकडे दिला, म्हणाले माझ्याच्याने बघवत नाही. चार वाजले. लॅपटॉप चालूच होता. आम्ही तिघांनी ओरडून जो गोंधळ घातला, त्याने शेजारच्या काकू काय झालं म्हणून विचारायला आल्या. काय सांगणार? लॅपटॉप बंद पडला नाही, एवढंच झालं होतं.

पण व्हिडिओ कॉल आणि ड्रॉइंग एकदम, दोन्ही सोबत, अजून कुणी चालवून पाहिलं नव्हतं. जादा ताण देऊन आदल्या दिवशीच काही होऊ नये म्हणून आम्ही तो विषय काढलाच नाही.

शुक्रवारी अकराला मी दार लावून बसले. खोलीत दुसरं कुणी नको, असा नियम होता. पडद्यावर परीक्षा घेणाऱ्या बाई आल्या, चष्मा डोक्यावर, बोलणं मोजकं. दुमजली घराचा जिना काढायचा होता. मजल्याची उंची, भिंती, तुळया, सगळी मापं त्यांनी पाठवली. मी पहिली रेघ ओढली आणि त्याच क्षणी पंखा असा भणाणला, की बाईंनी मान वर केली.

"तुमच्याकडे कसला आवाज येतोय?"

"पंखा आहे," मी म्हणाले. खोटं नव्हतंच ते.

पहिली वीस मिनिटं मी रेघ कमी आणि कोपऱ्यातली वेळ जास्त बघत होते. बावीस झाली. पंचवीस. तीस. चाळीसाव्या मिनिटाला पडदा गोठला. बाईंचं तोंड अर्धं उघडं तसंच राहिलं, माझा बाण जागचा हलेना. दाराबाहेर पावलं येऊन थांबल्याचा आवाज आला. अण्णांना पंख्याचा सूर बदललेला ऐकू गेला असणार. मी देवाचं नाव घेतलं, त्यापाठोपाठ दोन शिव्या घातल्या, आणि बाण हलला.

मग मी जिन्यात शिरले. कसं ते सांगता येणार नाही. पायऱ्या मांडल्या, उभा छेद काढला आणि आठव्या पायरीवर थांबले. काहीतरी खटकत होतं. सासूबाईंना कमरेत धरून मी आमच्या जिन्यावरून रोज दोनदा नेत होते, नऊ वर्षं. कुठे कोपर आपटतं, कुठे मान वाकवावी लागते, हे मला मोजपट्टीशिवाय कळतं.

"बाई, दिलेल्या मापांत चूक आहे," मी म्हणाले. "आठव्या पायरीवर उभ्या माणसाचं डोकं वरच्या तुळईला आपटेल. मी जिना दोन पायऱ्या पुढून सुरू करू का?"

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "करा," बाई म्हणाल्या. डोक्यावरचा चष्मा त्यांनी डोळ्यांवर घेतला.

मी जिना हलवला, वळणाचा टप्पा रुंद केला, कठडा दोन्ही बाजूंनी घातला. एका हाताने माणूस धरला तर दुसऱ्याला धरायला काहीतरी लागतं. मापं लिहिली. दरवाजा कुठल्या बाजूला उघडावा यावर मी आणि बाई चक्क भांडलो, आणि त्यांनी माझं ऐकलं. किती मजा येत होती! अकरा वर्षं मी ही मजा कुठल्या चादरीखाली ठेवून दिली होती, देव जाणे.

"वेळ संपली," बाई म्हणाल्या.

मी दचकले. एक वाजला होता. शेवटचा तासभर मी वेळेकडे एकदाही पाहिलं नव्हतं. पंखा भणाणतच होता.

"तो पंख्याचा आवाज तुमच्या लॅपटॉपचा आहे का हो?" बाईंनी विचारलं. "किती जुना आहे?"

"बारा वर्षांचा," मी म्हणाले. आता काय लपवायचं?

पहिल्यांदाच त्या हसल्या. "तो आता घरीच राहू दे. ऑफिसकडून तुम्हाला नवीन पाठवते, सोमवारपर्यंत पोचेल. त्याच्यावर पहिलं काम हाच जिना करा. तुळईची चूक आम्ही मुद्दाम ठेवली होती. ती पकडणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

कॉल संपला. मी तशीच बसून राहिले. मग उठून दार उघडलं तर दोघं दाराला कान लावून उभे होते, त्यामुळे आमचे हे जवळजवळ माझ्या अंगावरच पडले.

"पूर्ण चालला?" अण्णांनी विचारलं.

"पूर्ण चालला. आणि मला घेतलं!"

हे ओरडले, मी ओरडले, मग मी लहान मुलीसारखी अण्णांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना बोलता येत नाही, आणि त्या दिवशी बोलायची गरजही नव्हती.

"ऑफिस नवा लॅपटॉप देणार आहे," डोळे पुसत मी म्हणाले. "सोमवारी येईल."

"नवा?" अण्णांचा चेहरा जरा पडला. ते माझ्या मागून खोलीत आले, अजून भणाणणाऱ्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, त्याच्या पाठीवर तळवा ठेवून तो किती तापलाय ते पाहिलं. मग माझ्याकडे वळले. डोळ्यांत पुन्हा मंगळवारची चमक होती.

"येऊ दे," ते म्हणाले. "पण सुरू करण्याआधी एकदा माझ्याकडे दे. उघडून बघतो, आत सगळं नीट बसवलंय की नाही."

नव्या कोऱ्या, ऑफिसच्या मालकीच्या लॅपटॉपचे फडक्यावर मांडलेले सगळे सुटे भाग माझ्या डोळ्यांसमोरून गेले. आणि मी, जी एरवी कुणाला नाही म्हणायला कचरत नाही, ती म्हणाले, "देते, अण्णा."